हलक्या दिवसाची वकिली

पन्हाळा ते पावनखिंड ही पदभ्रमंती करून आलेल्या मंडळींना पहिला प्रश्न ठरलेला असतो : "किती तासांत?" आकडा जितका लहान, तितकी शाबासकी मोठी. सुमारे ५० किलोमीटरची ही वाट बहुतेक तुकड्या दोन दिवसांत उरकतात. आम्ही चौघांनी तीन दिवस घेतले आणि मधला दिवस तर मुद्दाम हलका ठेवला. त्यावरून वर्गात बरीच थट्टा झाली, म्हणून हा लेखनप्रपंच.

थट्टा करणाऱ्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. १६६० च्या जुलैत शिवाजीमहाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटले ते रात्री, भर पावसात. घोडखिंडीत बाजीप्रभूंनी शत्रू रोखून धरला आणि तिथेच देह ठेवला. त्या वाटेवर रमतगमत चालणे म्हणजे त्यांच्या कष्टांची चेष्टा, असे एका मित्राचे म्हणणे. पण ते धावले, कारण पाठीवर सैन्य होते. आमच्या पाठीवर कोण होते? फार तर परतीची एस. टी.!

पहिल्या दिवशी मसाई पठार ओलांडताना आम्हीही घाईतच होतो. जांभ्या दगडावर शेवाळ, वर धुके; नजर पायाखालून निघेचना. दुसऱ्या दिवशी करपेवाडी सोडली ती उशिरा, चहा दोनदा पिऊन. पाऊस रिपरिपत होता, पण त्याचा जोर नव्हता. चालायचे थोडेच होते, म्हणून ओढ्याशी थांबता आले. आंबेवाडीच्या बाजूला भाताची रोप लावण चालली होती. डोक्यावर प्लॅस्टिकच्या खोळी, गुडघाभर चिखल, आणि वाकलेल्या पाठी सकाळपासून तशाच. त्यांना कोणी प्रमाणपत्र देत नाही.

एक गोष्ट तिथेच कळली. खाचराचा बांध मातीचा असतो, पावसात लोण्यासारखा मऊ. शंभर पावले त्यावरून गेली की तो खचतो, पाणी वाहून जाते आणि नुकते लावलेले रोप उघडे पडते. घाईत असलेला माणूस जवळची वाट म्हणून बांधावरूनच जातो. सवड असलेला वळसा घालतो. २०२५ च्या जुलैत पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. गर्दी वाढली, तर हे बांध कोणी राखायचे?

पाऊस वाढला तेव्हा एका घरातून हाक आली, "या की आत, भिजतायसा कशाला?" मावशींनी नाचणीची भाकरी आणि झुणका वाढला. तास-दोन तास आम्ही पडवीत बसून होतो. आमच्यातले दोघे या अंकाच्या कानडी विभागाचे वाचक. आदल्या दिवशी आमचे संभाषण "चल" आणि "थांब" यांपलीकडे गेले नव्हते. आता पावसाच्या नावांवर गाडी आली. कानडीत पाऊस म्हणजे 'मळे'. आपल्याकडे मळा पिकतो, त्यांच्याकडे मळेच बरसतो! आपली भुरभुर ती त्यांची 'तुंतुरु मळे'. आणि आपली झड? 'जडी मळे'! दोन्ही शब्द सख्खे भाऊ वाटावेत इतके सारखे. तीन वर्षे एका बाकावर बसून हे आम्हाला ठाऊक नव्हते. घाईच्या वाटचालीत ते कळले असते, असे मला वाटत नाही; दम लागलेला माणूस शब्दांची उठाठेव करीत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. पुढल्या जुलैत महाविद्यालयाची तुकडी निघेल, तेव्हा कार्यक्रम तीन दिवसांचा असावा आणि मधल्या दिवशी कोणी घड्याळ पाहू नये. एका दिवसाचा जादा खर्च येईल, तो वर्गणीतून भागेल. ज्यांना पटते, त्यांनी आमच्या कानडी विभागातल्या मित्राकडे नावे द्यावीत. माझे घोंगडे अजून त्याच्याच घरी वाळत आहे. येताना तेवढे घेऊन या.