आधी श्वास, मग जाब

सप्टेंबर २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड भागातील एका माध्यमिक शाळेच्या स्वच्छतागृहात १५ वर्षांची विद्यार्थिनी मृतावस्थेत आढळली. तिने घेतलेली गोळी वेदनाशामक म्हणून विकली गेली होती. प्रत्यक्षात तिच्यात फेंटानिल होते. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया येथे स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांतील मुलेही अमेरिकेतील अशाच शाळांत शिकतात. म्हणून ही घटना दूरची मानून चालणार नाही.

फेंटानिल हे अफूच्या गुणधर्माचे, परंतु संपूर्ण कृत्रिम औषध आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टर ते अत्यल्प मात्रेत वापरतात. त्याची शक्ती मॉर्फिनच्या सुमारे १०० पट असते. सवय नसलेल्या शरीरास अवघे २ मिलिग्रॅमही प्राणघातक ठरू शकते. बनावट गोळीचा रंग, आकार आणि शिक्का हुबेहूब खऱ्या गोळीसारखा असतो. मालाची पारख करण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा व्यापाऱ्यालाही ही भेसळ नुसत्या नजरेने ओळखता येणार नाही. मग कोवळ्या मुलाची काय कथा?

या विषाचा घाव श्वासावर पडतो. मेंदूतील श्वसनाचे केंद्र मंदावते, श्वास तुटक होतो, घशातून घरघर येते, ओठ व नखे निळसर पडतात, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि हाक मारूनही मूल जागे होत नाही. पाहणाऱ्यास ते गाढ झोपले आहे असे वाटते, आणि याच गैरसमजात मोलाची मिनिटे निघून जातात.

यावर उतारा आहे. नॅलॉक्सोन या औषधास अमेरिकेत १९७१ मध्येच मान्यता मिळाली. ते मेंदूतील अफूजन्य द्रव्यास त्याच्या जागेवरून हटवते आणि बहुधा दोन-तीन मिनिटांत श्वास परतू लागतो. आता ते नाकात फवारण्याच्या स्वरूपात मिळते. हॉलिवूडमधील त्या मृत्यूनंतर काही दिवसांतच लॉस एंजेलिसच्या शाळा प्रशासनाने ते आपल्या सर्व शाळांत ठेवण्याचा निर्णय जाहीर केला. जानेवारी २०२३ मध्ये विद्यार्थ्यांनाही ते जवळ बाळगण्याची मुभा मिळाली, तर मार्च २०२३ मध्ये ही फवारणी डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास केंद्रीय औषध प्रशासनाने संमती दिली.

कृती अवघड नाही. मोठ्याने हाक मारावी, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोराने चोळावे. प्रतिसाद नसल्यास तत्काळ ९११ क्रमांकावर कळवावे आणि एका नाकपुडीत फवारणी करावी. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास द्यावा. श्वास चालू असल्यास कुशीवर वळवावे. दोन-तीन मिनिटांत फरक न पडल्यास दुसरी मात्रा द्यावी. मूल शुद्धीवर आले तरी त्यास एकटे सोडू नये, कारण औषधाचा प्रभाव ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि विष पुन्हा डोके वर काढू शकते. त्रासाचे कारण दुसरेच निघाले, तरी या फवारणीने सहसा अपाय होत नाही.

खरी अडचण निराळीच आहे. शेजारी उभा असलेला मित्र घाबरतो. शाळा काढून टाकील, पोलीस येतील, घरी कळेल, या भीतीने तो गप्प राहतो. मदत मागणाऱ्यास संरक्षण देणारे कायदे अमेरिकेतील बहुतेक राज्यांत आहेत. परंतु घरच्या भीतीवर कोणताही कायदा उतारा देत नाही. पिढ्यान्पिढ्या पत आणि अब्रू जपलेल्या घरांत ही भीती अधिकच खोल असते. ज्या अब्रूने कुटुंब उभे केले, तीच अशा क्षणी मुलाच्या तोंडाला कुलूप लावते.

यासाठी आजी-आजोबांनी रविवारच्या फोनवर नातवंडांना अभ्यास व जेवणाबरोबर आणखी एक वाक्य सांगावे: “कोणाच्याही हातची गोळी घेऊ नकोस, पण कधी चूक झाली, तुझी वा मित्राची, तर लपवू नकोस, आधी मदत बोलाव.” आई-वडिलांनी फवारणी घरात ठेवावी आणि ती कोठे आहे हे मुलांना दाखवावे. जाब विचारण्यास पुढे पुष्कळ दिवस मिळतात. श्वासाला मात्र मिनिटांचाच अवधी असतो.