‘सिक्’ या लहानशा शब्दाविषयीं

आमच्या वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस इंग्रजी ग्रंथ वाचतांना उताऱ्याच्या मध्येंच, चौकोनी कंसांत, ‘सिक्’ हा शब्द आढळतो. कित्येकांची समजूत अशी कीं, हीं कांहीं इंग्रजी शब्दांचीं आद्याक्षरें होत. म्हणून ते त्यापुढें पूर्णविरामही देतात. तसें नाहीं. हें लॅटिन भाषेंतील सबंध क्रियाविशेषण असून त्याचा अर्थ ‘असें’ एवढाच आहे. (पोर्तुगीज भाषेंतील होकारार्थी ‘सीं’ हा याचाच वंशज, हें गोव्याकडील वाचकांस मौजेचें वाटेल.)

दुसऱ्याचें लिखाण उतरून घेतांना त्यांत चूक दिसली, तर ती गुपचूप बदलणें प्रामाणिकपणाचें नव्हे. आणि ती आपल्या माथीं यावी, हेंही बरें नव्हे. म्हणून ‘मूळांत असेंच आहे’ इतकें सांगावयाचें. आमच्याकडे पोथ्यांच्या नकला करणारे शेवटीं ‘पाहिलें तसें लिहिलें, दोष आमचा मानूं नये’ अशा अर्थाची विनंती करीत. तेंच काम हा शब्द करितो.

येथवर ठीक. परंतु त्याचा उपयोग दुसऱ्यास हसण्याकरितांच फार होतो, आणि तो मला मान्य नाहीं. हसणारा पुष्कळदां स्वतःच फसतो. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेंत ‘चूज’ या शब्दांत दोन ‘ओ’ऐवजीं एक ‘यू’ आहे. १६११ च्या इंग्रजी पवित्र शास्त्रांत ‘शो’ या शब्दांत ‘ओ’च्या जागीं ‘ई’ आढळतो. त्या काळीं तीं रूपें चालत असत. तेथें ‘सिक्’ घालणारा आपलेंच अज्ञान छापून घेतो.

हें पाप माझ्याही हातून घडलें आहे. एका विद्यार्थ्याच्या वडिलांनीं मुलाच्या तापाची चिठ्ठी मोडक्या इंग्रजींत लिहून पाठविली होती. ती नोंदवहींत उतरतांना मीं मोठ्या ऐटीनें तीन ठिकाणीं ‘सिक्’ घातलें. पुढें ते गृहस्थ शाळेंत आले असतां वही त्यांच्या समोरच उघडी पडली होती. इंग्रजींत आजारी मनुष्यास ‘सिक्’ म्हणतात, हें त्यांस ठाऊक होतें. ते नम्रपणें म्हणाले, “मास्तर, मुलगा एकदांच आजारी पडला होता, आपण तीनदां कां लिहिलें?”

खरा अर्थ सांगण्याचें धैर्य मला झालें नाहीं. तेव्हांपासून अशा चिठ्ठींतील जरूर तेवढा मजकूर मी माझ्या शब्दांत लिहून ठेवितों.