बारावीनंतरचा खो

वांगणी म्हटलं की मुंबईकराला मध्य रेल्वेचं स्टेशन आठवतं. मी सांगतेय ती वांगणी जव्हार-मोखाड्याकडची. या पट्ट्यात भात-नागलीची कापणी उरकली की घरंच्या घरं ‘जगायला’ जातात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर. मुली मागे आश्रमशाळेत राहतात, आणि संध्याकाळी मैदानावर खो-खोचा डाव मांडतात.

खो-खोत आठ जणी बसलेल्या असतात, नववी धावते. तिने पाठीमागून हात लावून ‘खो’ म्हटल्याशिवाय बसलेलीला उठताच येत नाही. बारावी झालेल्या खेळाडू मुलीकडे पाहताना मला हा नियम आठवतो.

शालेय स्पर्धांचे गट 14, 17 आणि 19 वर्षांखालचे. म्हणजे बारावीपर्यंत संघ असतो, शिकवणारे सर असतात, तालुक्याला न्यायला गाडी असते. निकाल लागला की हे सगळं एका दिवसात संपतं. पुढची वाट आहे. जव्हारला गोखले एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत चमकलेली मुलगी विद्यापीठाच्या संघात जाते, तिथून आंतरविद्यापीठ स्पर्धेत. पण ही वाट तिला घरात कोण सांगणार? तिथे मजुरीचा हिशेब चालू असतो, नाहीतर स्थळाचा.

मोखाड्याची हद्द ओलांडली की त्र्यंबकेश्वर तालुका. त्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत. नाशिकचे प्रशिक्षक विजेंदर सिंग यांनी तिची धाव हेरली आणि तिला घडवलं. 2010 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने 10 हजार मीटरमध्ये कांस्यपदक जिंकलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. पुढे ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. पाय तिचेच होते, पण वेळेवर कुणीतरी खो दिला होता.

अमेरिकेत 1972 च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात समान संधी देणं भाग पाडलं. आज तिथली कॉलेजं शाळेतल्या बास्केटबॉलपटू मुलींना शोधत त्यांच्या गावी जातात. बंगळुरूची संजना रमेश अशीच शिष्यवृत्तीवर नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठात खेळायला गेली. आपल्याकडे मुलीनेच कॉलेज शोधायचं, तेही एसटीच्या भाड्याची जुळवाजुळव करून.

आणि आता खो-खो छोटा खेळ राहिलेला नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. महाराष्ट्राच्या प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळालं नाही, तर राहण्या-जेवण्यासाठी स्वयं योजना आहे.

म्हणून शाळांतल्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे. निकालाच्या आठवड्यात तुमच्या संघातल्या प्रत्येक मुलीचं नाव जवळच्या कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना कळवा. जमलं तर प्रवेशाच्या दिवशी तिच्यासोबत जा, तिच्या आईबापाशी बोला. कॉलेजांनीही ऑगस्टमधल्या निवड चाचणीची वाट न पाहता जूनमध्येच पाड्यावर यावं.

ती पाटीवर बसली आहे. पाय तयार आहेत. हात मात्र आपण लावायचा आहे.