पाचशेचं काम पाच हजारांना?

हल्ली तालुक्याच्या गावातसुद्धा ‘एक्स्पोर्ट करा, डॉलर कमवा’ अशा पाट्या दिसतात. मंगल कार्यालयाचा हॉल, दोन दिवसांचं शिबिर, चहा-नाश्त्यासह फी अमुक अमुक. गर्दी आपल्याच बायकांची, कारण हळद, चटणी, लोणचं, पापड हे सगळं आपल्या हातचं. त्यात कुणाची नणंद दुबईला, कुणाचा भाचा न्यूजर्सीला. तिकडे आपल्या डब्यांची किती वाट पाहिली जाते, हे आपल्याला सुट्टीत आलेल्या पाहुण्यांच्या बॅगा भरतानाच कळतं. तेव्हा स्वप्न खोटं नाही. पण या शिबिरांमध्ये पैसे घेऊन जे सांगितलं जातं, त्यातलं बरंचसं सरकारी संकेतस्थळांवर फुकट पडलेलं आहे. मला राग येतो तो याचा.

खरं तर बी. ए.ला माझा विषय मराठी. व्यापाराशी संबंध किराणा मालाच्या यादीपुरता. पण बचत गटांचं काम करताना हे सगळं समजून घ्यावंच लागलं.

परदेशात माल विकायचा तर आधी आयात-निर्यात कोड लागतो. सगळे त्याला आयईसी म्हणतात. तो केंद्र सरकारचं विदेश व्यापार महासंचालनालय म्हणजे डीजीएफटी देतं. अर्ज त्यांच्या संकेतस्थळावर करायचा, फी ५०० रुपये. पॅन कार्ड, पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा रद्द केलेला चेक आणि आधारशी जोडलेला मोबाईल हाताशी असला की घरबसल्या काम होतं. आमच्या ओळखीच्या एका गटाने याच कामाचे एका सल्लागाराला पाच हजार मोजले. तेही एक वेळ ठीक म्हणू, मेहनतीचे घेतले असतील. पण त्या गृहस्थांनी अर्जात मोबाईल नंबर टाकला स्वतःचा आणि ई-मेलही स्वतःचाच!

आता याने काय बिघडतं? तर २०२१ पासून नियम असा आहे की दरवर्षी एप्रिल ते जून या काळात कोडची माहिती तपासून ‘बरोबर आहे’ अशी नोंद करावी लागते, काही बदल नसला तरी. या तीन महिन्यांत त्याला पैसे पडत नाहीत. नोंद केली नाही तर कोड निष्क्रिय होतो. आपल्या बायकांना हे माहीतच नव्हतं, कारण सूचना जायच्या त्या सल्लागाराकडे. ऑर्डरची बोलणी सुरू झाली तेव्हा कळलं, की कोड बंद आहे. सुरू करायला आत शिरायचं तर ओटीपी जातो त्याच्या फोनवर, आणि तो फोन उचलत नाही. महिनाभर हेलपाटे घातले बिचाऱ्यांनी. म्हणून मैत्रिणींनो, मदत कुणाचीही घ्या, पण नंबर आणि ई-मेल आपलाच टाका. आणि आपला म्हणजे आपला! नवऱ्याचा नाही, मुलाचा नाही. घरातल्या माणसांवर विश्वास नाही म्हणून नव्हे, पण ओटीपी येईल तेव्हा ते शेतावर किंवा कॉलेजात असतात.

उद्योगाच्या ‘उद्यम’ नोंदणीचंही तसंच. ती सरकारी संकेतस्थळावर मोफत होते. तरी गूगलवर शोधलं की सरकारीच वाटावीत अशी दिसणारी, पैसे मागणारी पानं समोर येतात. त्यामुळे पत्ता नीट वाचल्याशिवाय कार्डाचा नंबर कुठेही टाकायचा नाही.

कोड मिळाला, की पुढचा प्रश्न कुठल्या देशात काय चालतं हा. जगभरात प्रत्येक मालाला एक ठरलेला नंबर असतो, त्याला एचएस कोड म्हणतात. पहिले सहा आकडे सगळ्या देशांत सारखे, आपल्याकडे तो आठ आकडी करतात. हळदीचा ०९१०३०, आपल्या पापडाचा १९०५९०४०. पापडाला जागतिक नंबर आहे हे वाचून आमच्या गटातल्या काकू इतक्या हसल्या! पण हा नंबर म्हणजे किल्ली आहे. ‘इंडियन ट्रेड पोर्टल’वर तो नंबर आणि देश टाकला की तिथे कर किती, आपल्या मालाला सवलत आहे का, हे दिसतं. संयुक्त अरब अमिरातीशी आपला करार १ मे २०२२ पासून लागू झाला. त्याची सवलत हवी तर माल भारतातला असल्याचा दाखला जोडावा लागतो. जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ‘ट्रेड मॅप’वर कुठला देश कुठून किती माल घेतो याचे आकडे असतात. त्याच संस्थेने २०१५ मध्ये बायकांसाठी ‘शीट्रेड्स’ सुरू केलं. सप्टेंबर २०२४ मध्ये डीजीएफटीने ‘ट्रेड कनेक्ट’ हे पोर्टल आणलं, तेही नव्या माणसाने पाहण्यासारखं आहे. आणखी एक, लोणचं-पापड अपेडाच्या यादीत येतात आणि मसाल्यांसाठी मसाला बोर्ड. चुकीच्या दारात उभं राहून दिवस घालवू नका.

पण मला विचाराल, तर सगळ्यात कामाची जागा शिबिरात कुणी दाखवतच नाही. परदेशाने कुठला माल का परत पाठवला, हे उघडपणे वाचता येतं! युरोपची ‘रॅस्फ विंडो’ आहे आणि अमेरिकेच्या एफडीएची नाकारलेल्या मालाची यादी आहे. आपली हळद, आपली मिरची, आपलं लोणचं कशामुळे अडकलं ते तिथे दिसतं. कुठे कीटकनाशकाचा अंश, कुठे लेबलवर पूर्ण माहिती नाही. सप्टेंबर २०२० मध्ये युरोपात भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि मग किती देशांतून माल मागे घ्यावा लागला! द्राक्षवाल्यांना तर २०१० साल आठवत असेल. क्लोरमेक्वाटच्या अंशापायी युरोपात द्राक्षं अडली आणि घरं कर्जात बुडाली. त्या वर्षी बागायतदारांच्या बायकांनी दागिने कसे मोडले हे सांगायला कुठलं पोर्टल नको. म्हणून यंत्र घेण्याआधी, कर्ज काढण्याआधी या याद्या वाचाव्यात आणि मालाचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. अशा प्रयोगशाळांची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर आहे.

थोडा माल असेल तर पोस्टही आहे. डाकघर निर्यात केंद्रं देशात हजारावर आहेत आणि निर्यातीची कागदपत्रं ऑनलाइन भरता येतात. पण बातम्या पाहत राहायला हवं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने नियम बदलले आणि तिकडच्या पार्सलांची बुकिंग आपल्या पोस्टाला बहुतांशी थांबवावी लागली, ती ऑक्टोबरात सुरू झाली. दिवाळीचा फराळ पाठवणाऱ्यांची कोण धांदल उडाली!

आणि पैसे? परदेशातला गिऱ्हाईकच जेव्हा ‘आधी नोंदणी शुल्क भरा’ म्हणतो, तेव्हा तो गिऱ्हाईक नव्हेच. उधारीवर माल द्यायचा तर ईसीजीसी ही सरकारी कंपनी १९५७ पासून पैसे बुडण्याचा विमा देते. बँकेत विचारा, आणि साहेबांनी टोलवाटोलवी केली तर पुन्हा विचारा.

आता माझी खरी तक्रार. ही सगळी माहिती मोफत आहे, पण बहुतेक सगळी इंग्रजीत आणि तीही वकिली इंग्रजीत. बारावी झालेली बाई त्यात दोन ओळींत अडखळते, आणि मग पाच हजारवाल्याचं फावतं. महिला सक्षमीकरणाच्या भाषणांवर खर्च होतो, त्यातून या पानांचं सोपं मराठी करायला एखादा माणूस नेमता येत नाही? जिल्हा उद्योग केंद्रात तक्ता लावता येत नाही? आम्ही तसा अर्ज दिला आहे. उत्तराची वाट न बघता आमच्या वाचनालयातल्या एकुलत्या संगणकावर दर शनिवारी दुपारी बसायलाही सुरुवात केली आहे. पहिल्या शनिवारी अठरा जणी आल्या. त्यातल्या अकरा जणींना स्वतःचा ई-मेलच नव्हता. ती दुपार तेवढ्यातच गेली.