बोल फक्त सुनेलाच का?

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की घरीदारी कुजबूज सुरू होते. उपासतापास, नवस, अंगारे-धुपारे सगळं सुनेच्याच वाट्याला. तपासण्याही आधी तिच्याच! पण मैत्रिणींनो, स्त्रीबीजाला अपाय करणारं काही रोजच्या वापरातल्या वस्तूंतही असू शकतं, हे कुणाच्या मनात येतं का?

गोष्ट १९९८ची. अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात पॅट्रिशिया हंट या संशोधिका उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करत होत्या. एरवी शंभरात एक-दोन बीजं सदोष निघायची. अचानक हे प्रमाण चाळीसवर गेलं! शोध घेतल्यावर कळलं, की उंदरांचे प्लॅस्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून फरशी धुण्याच्या जहाल द्रावणाने धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळे टणक, पारदर्शक प्लॅस्टिक खराब होऊन त्यातलं ‘बिस्फेनॉल ए’ हे रसायन पाझरत होतं. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झालं.

हे रसायन शरीरात इस्ट्रोजेन या हार्मोनची नक्कल करतं. पाळी येणं, बीज पक्व होणं, गर्भ रुजणं, सगळं हार्मोन्सच्या निरोपांवर चालतं. तिथे तोतया निरोप्या शिरला तर घोटाळा होऊ शकतो. प्लॅस्टिक मऊ करणारी थॅलेट्स आणि काही कीटकनाशकंही हार्मोन्सच्या कामात अशीच लुडबुड करतात.

उंदरांचं सगळं माणसाला जसंच्या तसं लागू होत नाही, हे खरं. मूल न होण्याची कारणंही अनेक असतात. थायरॉइड, बंद गर्भनलिका, वाढतं वय आणि हो, नवऱ्याच्या शुक्राणूंची कमतरतासुद्धा! तरीही धोका नको म्हणून भारतीय मानक ब्यूरोने २०१५ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ‘बिस्फेनॉल ए’ला मनाई केली. युरोपीय संघाने डिसेंबर २०२४ मध्ये अन्नाशी संपर्क येणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घालण्याचा निर्णय घेतला.

आपल्या हातात काय आहे? गरम आमटी, चहा प्लॅस्टिकमध्ये ओतू नये. ओरखडे पडलेले प्लॅस्टिकचे डबे खाण्याच्या पदार्थांसाठी वापरू नयेत. स्टीलचा डबा, काचेची बरणी केव्हाही बरी. फवारणी चालू असताना गरोदर बाईने शेतात जाऊ नये.

पण सगळा भार पुन्हा बाईच्या स्वयंपाकघरावर टाकून कसं चालेल? डब्यात काय मिसळलंय ते सांगणं कारखानदाराचं काम, ते तपासणं सरकारचं. आणि घरच्यांचं काम? सुनेला बोल लावणं थांबवून लेकालाही तिच्यासोबत डॉक्टरकडे पाठवणं. तेवढं तर आपण आजपासून करू शकतो ना?