जबाबदारी त्यांची, निर्णय कुणाचा?

उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी वाचनाची सवय लागावी म्हणून मी वर्गात रोज एक बातमी वाचायला देतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका मुलाने बातमी वाचता वाचता विचारले, "सर, अधिष्ठाता म्हणजे कोण?" मी म्हणालो, "डीन. डॉक्टर शिकवणाऱ्या कॉलेजचे हेडमास्तर समज." त्याने पुढचे वाक्य वाचले आणि पुन्हा विचारले, "मग हेडमास्तरांकडून संडास का साफ करून घेतला?"

बातमी नांदेडची होती. तिथल्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बाळे होती. ४८ तासांत आकडा ३१ वर गेला. त्यानंतर आपल्या हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले. पुढे खासदारांवर गुन्हा दाखल झाला. पण त्या दिवशी आमच्या पुसेगावात चहाच्या टपरीवर बरेच जण म्हणत होते, "बरं केलं!"

लोकांचा राग मी समजू शकतो. आपल्या भागातला गंभीर रुग्ण वर्षानुवर्षे नांदेडलाच नेला जातो. ज्याचे बाळ गेले त्याला समोर जो साहेब दिसतो, तोच दोषी वाटतो. पण त्या साहेबाच्या हातात काय होते, हे आपण कधी विचारले का?

सरकारी मेडिकल कॉलेजला तीन मालक आहेत. शिक्षणाचे निकष दिल्लीचा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग ठरवतो. परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पदे आणि पैसा मुंबईच्या वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. औषधांच्या मोठ्या खरेदीचे काम २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे होते, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळे प्राधिकरण करण्यात आले. रुग्णाच्या उशाशी मात्र उभे असतात ते प्राध्यापक आणि त्यांचे निवासी डॉक्टर.

शिक्षकांना अजिबात आवाज नाही असेही नाही. १९९८ च्या कायद्याने आलेल्या आरोग्य विद्यापीठाच्या अधिसभेत निवडून आलेले शिक्षक बसतात. प्रत्येक मेडिकल कॉलेजात विभागप्रमुखांची कॉलेज कौन्सिल असावी आणि ती वर्षातून किमान चार वेळा बसावी, असे जुन्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतच होते. पण विषय कोणते? अभ्यासक्रम, प्रशिक्षण, शिस्त. औषधसाठा संपत आला, नर्स कमी आहेत, पद रिकामे आहे, यावर शिक्षकांचा शब्द बांधील कुठेच नाही.

कुणी म्हणेल, डॉक्टरांच्या हाती कारभार दिला तर ते एकमेकांना सांभाळून घेतील. ही भीती खोटी नाही. जुन्या कौन्सिलवर विद्यापीठांतून निवडून आलेले सदस्य होते, तरी भ्रष्टाचाराच्या आरोपांवरून २०१० मध्ये ती बरखास्त करावी लागली. नुसत्या निवडणुकीने कारभार स्वच्छ होत नाही. पण त्यावर उपाय म्हणजे शिक्षकाला गप्प करणे नव्हे, त्याचे म्हणणे उघड्यावर आणणे.

आमच्या शाळेचेच पाहा. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. उरलेल्यांत शिक्षकांचाही प्रतिनिधी असतो. समिती नेहमी नीट चालते असा माझा दावा नाही. पण पाण्याची टाकी फुटली तर मी ते इतिवृत्तात लिहून घेऊ शकतो. उद्या कुणी विचारले तर दाखवायला कागद असतो.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत आपले हिंगोली आहे, १०० जागांचे. नव्या घराला सवयी लावायच्या असतात त्या सुरुवातीलाच. इथल्या कौन्सिलमध्ये विभागप्रमुखांसोबत सहायक प्राध्यापकांनी निवडलेला माणूस असावा. औषधसाठा आणि रिक्त पदे हे प्रत्येक बैठकीचे ठरलेले विषय असावेत. इतिवृत्त फलकावर लागावे आणि शिक्षकांनी लेखी दिलेल्या इशाऱ्याला मुंबईने ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्यावे. मग एखादे बाळ दगावले तर कुणाला विचारायचे ते कळेल. डॉक्टर चुकला असेल तर तोही सापडेल.

एक गोष्ट आपल्या लोकांशीही बोलायची आहे. कुरआनातल्या एका सूरहचे नावच 'शूरा' आहे, म्हणजे मशवरा. आपण ते अभिमानाने सांगतो. पण आपण चालवतो त्या किती इदाऱ्यांत शिकवणाऱ्याला मशवऱ्याला बसवतात? बहुतेक ठिकाणी ट्रस्टी ठरवतात आणि शिक्षक सही करतो. सरकारकडे जे मागायचे, ते आधी आपल्या घरात करायला काय हरकत आहे?

त्या मुलाला मी तेव्हा उत्तर देऊ शकलो नव्हतो. "पुढची बातमी वाच," एवढेच म्हणालो. आता तो भेटला तर सांगेन : बेटा, ज्याला कारभारात विचारत नाहीत, त्यालाच शेवटी संडास साफ करायला लावतात.