घराण्याची कथा आणि कचेरीचा कागद

रायपूरच्या जुन्या मराठी घरांत मूळपुरुषाविषयी विचारणा केली असता बहुधा दोन नावांपैकी एक ऐकावयास मिळते. पूर्वज एक तर भास्करपंतांच्या फौजेबरोबर आलेले असतात, नाही तर बिंबाजी भोसल्यांच्या पदरी. कथेच्या जोडीला एखादी गंजलेली तलवार असते, बक्षीस मिळालेल्या गावाचे नाव असते, आणि कधी काळी पुरात वाहून गेलेली किंवा वाळवीने खाल्लेली सनदही असते. सनद हाती लागत नाही. तिच्या नाहीशा होण्याची हकीकत मात्र तपशीलवार सांगितली जाते.

अशा गृहकथांकडे पाहण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. घरातील वडील मंडळी त्या श्रद्धेने पुढच्या पिढीच्या हाती देतात. इतिहासाचा अभ्यासक त्या दप्तराशी ताडून पाहतो, जुळत नाहीत म्हणून बाजूला सारतो आणि निश्चिंत होतो. या दोन्ही रीती अपुऱ्या आहेत. कथा खरी की खोटी हा प्रश्न अखेरीस विचारावाच लागतो. पण तो पहिला प्रश्न नव्हे. ही कथा प्रथम केव्हा सांगितली गेली, आणि ती कोणापुढे सांगण्याची गरज पडली, हा पहिला प्रश्न होय. तो विचारला की वंशावळीचा शोध हा केवळ एका कुटुंबाच्या कौतुकाचा विषय उरत नाही. तो वाङ्मयाच्या अभ्यासाच्या कक्षेत येतो.

प्रथम कालक्रम पाहणे इष्ट ठरेल. भास्करराम कोल्हटकर १७४१ च्या सुमारास रतनपुरावर चालून आला. वृद्ध हैहयवंशी राजा रघुनाथसिंह याने फारसा प्रतिकार केला नाही. त्याला मांडलिक करून आणि खंडणी घेऊन फौज पूर्वेकडे निघून गेली. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने बंगालमध्ये भास्करपंताला त्याच्या सरदारांसह दग्याने मारले. ही फौज वाटेवरची होती. तिने छत्तीसगढात घरे बांधली नाहीत. रघूजी भोसल्याचा पुत्र बिंबाजी हा १७५८ पासून १७८७ पर्यंत या प्रांताचा कारभार पाहत होता, आणि त्याच्याबरोबर मराठी माणसे येऊन राहिली यात शंका नाही. परंतु त्याचे ठाणे रतनपुरास होते. रामटेकडीवरचे राममंदिर त्याने तेथे बांधले, रायपुरास नव्हे. त्याच्यानंतर आलेल्या सुभेदारांची कचेरीही रतनपुरासच राहिली. १७९५ मध्ये या मुलखातून गेलेल्या कॅप्टन ब्लंटला रतनपुरात सुमारे हजार झोपड्या आढळल्या, त्यांपैकी पुष्कळ ओस. रायपुरात सुमारे तीन हजार. पेठ म्हणून रायपूर मोठे होते, पण राज्यकारभाराचे ठिकाण नव्हते. ते स्थान त्याला १८१८ मध्ये, कर्नल ॲग्न्यू याने मुख्य ठाणे तेथे हलविले तेव्हा मिळाले. पुढे १८३० मध्ये प्रांत पुन्हा भोसल्यांच्या हाती आला, १८५४ मध्ये खालसा झाला, १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि १८८८ मध्ये रायपूरपर्यंत रेल्वे आली. यांतल्या प्रत्येक घटनेमागोमाग मराठी माणसे आली असली पाहिजेत: कमाविसदार, कारकून, मग वकील, शाळामास्तर, स्टेशनमास्तर. ‘छत्तीसगढ मित्र’कार माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ मध्ये दमोह जिल्ह्यातील पथरियाचा, शिक्षणाच्या ओघात ते बिलासपूर-रायपूरकडे आले. त्यांच्या चरित्राला बिंबाजीची गरज पडत नाही.

गृहकथेने या चार-पाच आगमनांचे एकच आगमन केले आहे, आणि ते सर्वांत थोर. असे का व्हावे? मौखिक परंपरेचे अभ्यासक यान व्हान्सिना यांनी आफ्रिकेतील अनुभवावरून एक निरीक्षण नोंदविले आहे. लोकांना आरंभकाळाविषयी पुष्कळ सांगता येते, आजोबा-पणजोबांविषयीही पुष्कळ सांगता येते. मधला काळ मात्र रिता असतो, आणि पिढ्या पुढे सरकतात तशी ही पोकळीही त्यांच्याबरोबर पुढे सरकते. रायपूरच्या घरांत नेमके हेच घडते. बिंबाजी ठाऊक असतो, वकिली करणारे आजोबा ठाऊक असतात. मधली शंभर वर्षे नसतात. मराठी कुटुंबात या पोकळीला आणखी एक कारण आहे. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे सदाशिव रामचंद्र, रामचंद्र सदाशिव, पुन्हा सदाशिव रामचंद्र अशी साखळी तयार होते आणि सांगताना दोन सदाशिवांचा सहज एक होतो. साठ वर्षे एका श्वासात गळून पडतात.

साधा हिशेबसुद्धा येथे उपयोगी पडतो. आजच्या कर्त्या माणसापासून मूळपुरुषापर्यंत वंशावळीत सहा पिढ्या लागत असतील, आणि पिढी तीस वर्षांची धरली, तर मूळपुरुष १८४५ च्या आसपास पोहोचतो. बिंबाजीला जाऊन तेव्हा जवळजवळ साठ वर्षे झालेली होती. म्हणजे कथा खोटी ठरली काय? तसे म्हणण्याची घाई करू नये. १८४५ मध्ये छत्तीसगढावर नागपूरकर भोसल्यांचाच अंमल होता, गादीवर तिसरे रघूजी होते आणि त्यांचे अधिकारी रायपुरास बसत होते. ‘आम्ही भोसल्यांच्या पदरी आलो’ हे वाक्य त्या कुटुंबापुरते खरे असू शकते. केवळ भोसल्याचे नाव बदलले आहे.

नाव का बदलले, याचे उत्तर बहुधा कचेरीत सापडते. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये औरस पुत्रावाचून निवर्तले. राण्यांनी घेतलेला दत्तक डलहौसीने मानला नाही आणि राज्य खालसा केले. म्हणजे ज्या सत्तांतराने या प्रांताचे नशीब पालटले, ते स्वतःच वंशावळीच्या एका प्रश्नावरून झाले होते. वंश कसा सिद्ध करावा आणि तो कोण ग्राह्य मानणार, हा धडा मराठी माणसांनी तेव्हा राजवाड्यापासून गावापर्यंत घेतला असणार. पाठोपाठ १८६० नंतरच्या दशकात जमाबंदी झाली. भोसल्यांच्या अमलात गावचा गौंटिया वसूल गोळा करून भरणारा होता, गावाचा मालक नव्हता. नव्या जमाबंदीने मालगुजारीचा हक्क कायम केला, आणि गाव आपल्या घराण्याकडे किती पिढ्या आहे, कोणाच्या वेळेपासून आहे, हे सांगण्याला एकाएकी मोल आले. अशा वेळी तिसऱ्या रघूजीपेक्षा बिंबाजी अधिक जुना, म्हणून अधिक वजनाचा. कथेतील बिंबाजी हा अनेक घरांत या काळी शिरला असावा, असे अनुमान करण्यास जागा आहे. पश्चिम महाराष्ट्रात तर इनाम कमिशनाच्या १८५२ च्या कायद्याने शेकडो घराण्यांना वंशावळ आणि कैफियत लिहून देण्यास भाग पाडले होते. कुलवृत्तांतांच्या पहिल्या प्रकरणात ‘परंपरागत माहिती’ म्हणून जे येते, त्यांतील बरेचसे अशा एखाद्या अर्जातून घरी परत आलेले आहे.

येथे वाङ्मयाच्या अभ्यासकांनी थोडे थांबावे. मराठी गद्याच्या इतिहासात बखरीला मानाचे स्थान मिळाले. तंट्याच्या निमित्ताने वतनदाराने सांगितलेली घराण्याची हकीकत, म्हणजे करीना, मात्र इतिहाससंशोधकांच्या साधनखंडांतच राहिली. वस्तुतः करीन्याला स्वतःची रचना आहे. मूळपुरुषाचे आगमन, त्याचा पराक्रम किंवा सेवा, धन्याची मेहेरनजर, मग भाऊबंदांचे कपट किंवा धामधुमीत कागद गहाळ होणे, आणि शेवटी न्यायाची मागणी. रायपूरच्या दिवाणखान्यात आज सांगितली जाणारी गृहकथा या सांगाड्यावरच उभी असते. शेवटची मागणी तेवढी गळलेली असते, कारण ऐकणारा आता अधिकारी नसून पाहुणा असतो. वाहून गेलेली सनद हा त्या मागणीचाच अवशेष होय. अशी कथा ‘दंतकथा’ म्हणून टाकून देणे म्हणजे एका गद्यप्रकाराचे जिवंत रूप नजरेआड करणे होय.

अर्थात सहानुभूतीने वाचणे म्हणजे भोळेपणाने मानणे नव्हे. अलेक्स हेली यांचे ‘रूट्स’ १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा गुलाम म्हणून नेलेल्या पूर्वजाचे गाव गँबियात सापडले, ही हकीकत जगभर गाजली. नंतरच्या छाननीत तिचे बरेच दुवे निखळले. हेलींना काय ऐकावयाचे आहे, ते सांगणाऱ्याला आधीच ठाऊक होते, ही शंका विशेष गंभीर होती. नागपूर-रायपूरकडे मूळपुरुष शोधीत फिरणाऱ्या प्रत्येकाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. बिंबाजीचे नाव आपण आधी उच्चारले, तर समोरची वृद्ध व्यक्ती सौजन्यापोटीही त्याला दुजोरा देते.

प्रत्यक्ष शोधात उपयोगी पडणारी साधने पुष्कळदा कथेहून साधी असतात. तीर्थोपाध्यायांच्या वह्यांचे मोल सर्वांना ठाऊक आहे. अमेरिकेतील यूटाच्या वंशावळी संस्थेने हरिद्वार आदी ठिकाणच्या वह्यांची सूक्ष्मचित्रे घेतली, ती उगाच नव्हे. पण या वह्यांत केवळ नावे पाहिली जातात, लिपी पाहिली जात नाही. छत्तीसगढातील मराठी कुटुंबाच्या प्रयागच्या नोंदींत आधी मोडीतील हस्ताक्षर येईल, मग बाळबोध, मग हिंदी वळणाची देवनागरी. ज्या पिढीने ‘काळे’ऐवजी ‘काले’ अशी स्वाक्षरी केली, ती पिढी हिंदी शाळेत शिकली, एवढे तरी निश्चित समजते. आडनावातून ‘ळ’ जाणे ही क्षुल्लक बाब वाटेल. पण त्यामुळेच सरकारी दप्तरात एका घराण्याची दोन घराणी होतात आणि चुलत घरे एकमेकांना अनोळखी ठरतात. उलट ‘अमुक वल्द तमुक’ या दरबारी पद्धतीने बापाचे नाव जपले आहे, जे पुढे केवळ नाव आणि आडनाव लिहिण्याच्या प्रघातात लोपले.

स्त्रियांचा प्रश्न याहून अवघड आहे, आणि गृहकथांतील बहुतेक अनुत्तरित प्रश्न तेथेच अडकतात. वंशवृक्षावर मुलीची फांदी तोडलेली असते, सुनेचे माहेरचे नाव लग्नात बदललेले असते. तरीही कुटुंब या प्रदेशात केव्हा आले हे ठरविण्यास सुना जितक्या उपयोगी पडतात तितके पुरुष पडत नाहीत. तीन पिढ्यांच्या सुना कोकणातून किंवा देशावरून आल्या, चौथीची नागपूरची आली आणि पाचवीची बिलासपूरची, तर त्या कुटुंबाने मुळाशी संबंध केव्हा तोडला, सोयरिकीसाठी कोणत्या दिशेला पाहावयास आरंभ केला, हे आपोआप स्पष्ट होते. तलवारीपेक्षा हा पुरावा बळकट. बिंबाजीच्या पश्चात त्याची पत्नी आनंदीबाई हिचा रतनपुरच्या कारभारात मोठा हात होता, हे इतिहासाला ठाऊक आहे. तरीही ‘आम्ही आनंदीबाईंच्या पदरी आलो’ असे सांगणारी गृहकथा सहसा ऐकू येत नाही.

वंशावळ ही थोरामोठ्यांची मिरास, हा समजही या मातीतच खोडला गेला आहे. महासमुंद जिल्ह्यातील खल्लारी येथे विक्रम संवत १४७०, म्हणजे इ. स. १४१५ चा एक शिलालेख आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलचुरी लेखांच्या संग्रहात तो समाविष्ट आहे. रायपूर शाखेचा राजा ब्रह्मदेव याच्या कारकिर्दीतील हा लेख नारायणाच्या मंदिराचा आहे, आणि मंदिर बांधणारा देवपाल हा जातीने मोची आहे. राजाच्या वंशाबरोबर त्याचाही वंश त्यात कोरला आहे: आजा जसौ, पिता शिवदास. तीन पिढ्या, नावांसह, दगडात. सनद वाहून गेल्याची तक्रार करणाऱ्या अनेक घरांना एवढे दाखविता येणार नाही.

आणि कचेरीपुढे वंश सांगण्याचे दिवस सरलेले नाहीत. छत्तीसगढात जातीच्या दाखल्यासाठी अर्जदाराला जुन्या मिसलीतील पूर्वजाशी आपले नाते वंशवृक्षाने जोडावे लागते. महाराष्ट्रात २०२३ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरे उघडली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. ज्यांच्याजवळ दप्तर नाही त्यांना कथेवरच भिस्त ठेवावी लागते, आणि ती मान्य होत नाही. या अर्जांतून आज पुन्हा नव्या गृहकथा आकार घेत आहेत; दोन पिढ्यांनंतर त्या ‘परंपरागत माहिती’ म्हणून सांगितल्या जातील. म्हणून यापुढे कोणी कुलवृत्तांत सिद्ध करील, तर प्रत्येक आख्यायिकेसमोर तीन गोष्टी लिहाव्या: ती कोणी सांगितली, कोणत्या वर्षी सांगितली, आणि त्या वर्षी त्या घराचा कोणता अर्ज कोणत्या कचेरीत पडून होता.